पाळीच्या खाली

दर बुधवारी दुपारी मी मुलीला घेऊन तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर जाते. आमच्या गावात फोनला रेंज तिथेच येते. दिवाळीत ती आश्रमशाळेतून घरी आली, तेव्हापासून गप्प आहे. ताटावरून उठून जाते. एकदा भांडी घासताना म्हणाली, "मी नसली तं तुमचं काई अडते का?" दुसऱ्याच दिवशी मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नागपूरच्या, मनाचे आजार पाहणाऱ्या एका बाईंशी गाठ घालून दिली. त्या फोनवर दिसतात, तिच्याशी बोलतात. त्यांनी एकच सांगितलं, बोलताना जवळ कोणी नको.

पण पाळीपलीकडे जंगल आहे आणि सध्या तिकडे वाघ फिरतो. म्हणून ती वर बसते आणि मी खाली, विळा घेऊन.

शेजारीण विचारते, "पोरगी कोणाशी बोलून राह्यली वं फोनवर? शहरातला जावई पाहून राह्यली का तू?"

"अभ्यासाचं हाये," एवढंच मी म्हणते.

मोहफुलं वेचताना आम्ही बाया एकमेकींना आवाज देत राहतो. उत्तर आलं नाही की सगळ्या धावतात. त्याच सवयीने पहिल्या बुधवारी मी खालून सारखी हाक देत राहिले. तिला दर वेळी ओ द्यावी लागली. परतताना ती चिडली.

"तू आवाज देते न मी अटकते. मंग ते गोष्ट परत निघतच नाई."

"आवाज नाई देऊ तं मले कसं समजन?"

"माहा आवाज येते न तुले? तेवढाच आयक. शब्द नको आयकू."

तेव्हापासून मी तसंच करते. पाण्याकडे पाहत बसते आणि तिचा आवाज चालू आहे एवढं ऐकते.

गेल्या बुधवारी तिचा आवाज मधेच थांबला. रेंज गेली असेल, म्हणून मी थांबले. वरून काहीच आलं नाही. हाक ओठापर्यंत आली, ती गिळली आणि पाळ चढले. ती गुडघ्यांत डोकं घालून रडत होती. फोनमधल्या बाई काही न बोलता तिच्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, पोरीला जवळ घ्यावं.

मान वर न करता ती म्हणाली, "आई, जा न खाली. त्या थांबल्या हायेत."

मी उतरले. विळा मांडीवर घेऊन पाण्याकडे पाहत बसले. बऱ्याच वेळाने तिचा आवाज परत सुरू झाला, बारीक.

घरी येताना मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "बाई इचारत होत्या, मनात लय वाईट आलं तं आईले सांगशील का?"

"मंग?"

"'नाई' असं नाई म्हटलं मी. 'हो' असं पन नाई म्हटलं."

वाघ मागून येतो, म्हणून मी तिच्या मागे चालत होते. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. मी म्हणाले, "कवाबी सांग. झोपली असली तं उठव."

ती जरा हळू चालू लागली. आमच्यातलं अंतर कमी झालं.