ओलं कोटिंग

आमच्या सोसायटीतले जयंतराव रविवारी सकाळपासून गाडीपाशीच होते. आधी मशीनने घासून त्यांनी रंगावरचं जुनं कोटिंग काढलं, मग स्पंजने नवं लावलं. बॉनेटमध्ये आभाळ दिसायला लागलं. मी गॅलरीतून कौतुकाने पाहत होते.

चहाचं विचारायला त्यांची बायको मालतीताई खाली आल्या. अर्धांगवायूनंतर त्या डावा पाय ओढत चालतात. तोल गेला म्हणून त्यांनी बॉनेटवर हात टेकला.

"हात काढ! ओलं आहे ते!" जयंतराव ओरडले.

मालतीताईंनी दचकून हात काढला आणि त्या फरशीवर कोसळल्या.

जयंतरावांनी आधी बॉनेटवरचे बोटांचे ठसे पुसले. वाकून, उजेडात तिरकं बघून, पुन्हा पुसले. किती हळुवार हात होता तो! काही माणसांना माया करताच येत नाही, असं मला वाटायचं. तसं नसतं. येते; ती दुसरीकडे लागलेली असते.

मी खाली धावले तोवर त्यांनी मालतीताईंना दंडाला धरून उभं केलं होतं. त्यांचं कोपर सोलवटलं होतं. त्या मात्र गाडीकडे बघत होत्या.

"गेला ना हो डाग?" त्यांनी विचारलं.

"गेला. आता लांब उभी राहा."