नग पाच, जिवंत

तालुका कचेरीच्या व्हरांड्यात, स्टँपवाल्याच्या डाव्या अंगाला, माझे मेज पुष्कळ वर्षे होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु मी लिहिलेला अर्ज भाषेच्या कारणाने परत आल्याचे मला स्मरत नाही. जिल्हा नवा झाल्यापासून कचेरीत नवे नवे विचार येत असत. त्यांतला एक असा की, अर्ज लिहिणाऱ्यांनी व्हरांडा मोकळा करून आवाराबाहेर चिंचेखाली बसावे. मालवणच्या पावसात चिंचेखाली बसून शाईने लिहिणे म्हणजे काय, हे ज्याने लिहून पाहिले असेल त्यालाच कळेल. निर्णय मोठ्या साहेबांच्या हाती होता. म्हणून आषाढ सरता सरता साहेबांनी मला घरी बोलावले, तेव्हा मी इस्त्रीचे धोतर नेसून गेलो.

साहेब घाटावरचे, एकटे राहणारे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत देव्हाऱ्याएवढी काचेची पेटी होती. तीत समुद्राचे पाणी आणि त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढे पाच मासे. किल्ल्यामागच्या खडकांतून कोणी बुडी मारून ते आणून दिले होते. अंग नारिंगी, वर पांढरे पट्टे.

"क्लाऊनफिश," साहेब म्हणाले. "म्हणजे विदूषक मासा. अजून पिल्लं आहेत. मला तीन आठवडे प्रशिक्षणाला जायचंय. तुमच्याइतका काटेकोर माणूस गावात दुसरा दिसत नाही."

मी व्हरांड्याचा विषय काढला. "आल्यावर बघू," ते म्हणाले.

कोणतीही वस्तू ताब्यात घ्यायची तर कागद हवा. मी तिथेच पोचपावती लिहिली: 'नारिंगी रंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, नग पाच, जिवंत, काचेच्या पेटीसह मिळाले.' विदूषक हा शब्द मी घातला नाही. अधिकाऱ्याच्या घरच्या जीवांना तो शोभला नसता. खाली 'परत मिळाले' असे लिहून साहेबांच्या सहीची जागा सोडली. नंतर त्यांनी सांगितलेल्या सूचना कलमवार उतरून घेतल्या. दिवसातून चार वेळा खाणे. कच्ची कोळंबी, म्हणजे आमची सुंगटे, अगदी बारीक चिरून चिमूटभर. उरलेले लगेच काढणे. पाणी एका वेळी पाव हिश्शाहून अधिक न बदलणे.

पेटी हातगाडीवरून माझ्या घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी श्रावण लागला.

आमच्या घरात श्रावणात मासळी येत नाही. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही; परंतु तिचा संबंध माशांच्या जेवणाशी जोडावा असे सुचले नव्हते. बायकोला ते लगेच सुचले.

"सुंगटां माझ्या उंबऱ्याच्या आत येवची नाय," ती म्हणाली.

"अगो, ते सायबांचे मासे."

"सायबांचे म्हणान काय झाला? आमी म्हयनोभर जां खातंव, तां तेंका घाला. मरतले काय?"

दोन दिवस आम्ही माशांकडून श्रावण पाळून घेतला. ओले खोबरे खवून घातले, भिजवलेले तांदूळ कुटून घातले, काळ्या वाटाण्याचा उकडलेला गर घातला. मासे प्रत्येक पदार्थ तोंडात घेत, क्षणभर विचार करीत आणि कचेरीतला कारकून स्टँप नसलेला अर्ज जसा परत करतो तसा परत करीत. तिसऱ्या दिवशी त्यांतला सर्वांत लहान दगडाआड जाऊन पडला. मला पोचपावतीतला 'जिवंत' हा शब्द दिसू लागला, आणि त्याच्या मागे चिंच दिसू लागली.

शेवटी तडजोड झाली. पेटी मागच्या पडवीत न्यावी. सुरी आणि पाट वेगळा. आणि सुंगटांना हात लावल्यावर आंघोळ केल्याशिवाय मी उंबरा ओलांडू नये. खाणे दिवसातून चार वेळा. त्यामुळे आंघोळीही चार झाल्या. दुपारी डोके ओले घेऊन मी व्हरांड्यात येई. भरदुपारी ओल्या डोक्याने माणूस येतो तो स्मशानातून, अशी आमच्याकडे समजूत. पक्षकार उठून उभे राहत.

"कोण गेलो?" हलक्या आवाजात विचारीत.

"कोणी नाही. मासे जेवले," असे उत्तर मी देई. त्यावर कोणी पुढे विचारीत नसे, हे एक बरे होते.

पहिल्या सोमवारी शेजारच्या काकींनी मला कुंपणापलीकडून पाहिले.

"काय रे, श्रावणातल्या सोमवारी सुंगटां सोलतंस?"

"माशांका घालूक, काकी."

"मासो कधी सोललेली सुंगटां खाता? माका शिकवतंस?"

संध्याकाळपर्यंत आळीत बोभाटा झाला. मी त्याच रात्री जेवणापूर्वी सूचना लिहून बेड्याला, म्हणजे कुंपणाच्या फाटकाला, लावली: 'तमाम आळीकरांस कळविण्यात येते की, या घराच्या मागील दारी चिरण्यात येणारी सुंगटे ही केवळ माशांकरिता असून घरातील कोणीही इसम ती सेवन करीत नाही.' काकींनी ती दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, "कागद लावल्यान म्हणजे नक्की खाता."

परंतु माझी खरी काळजी त्या लहानग्याची होती. सर्वांत मोठा मासा त्याला घासाजवळ येऊ देत नसे. चौघे जेवत आणि हा दगडाआडून पाहत राही. मी विचार केला आणि माझ्या पेनात शाई भरायचा ड्रॉपर घेतला. तीनदा धुतला. चिरलेल्या सुंगटाचा रस त्यात ओढून दगडामागे थेट त्याच्या तोंडापुढे सोडला. तो जेवला. त्याच्याबरोबर पेटीतले पाणीही हळूहळू फिकट निळे झाले.

मी दोन कळश्या घेऊन समुद्रावर गेलो. श्रावणातले गढूळ पाणी आणून धोतराच्या चौपदरी कापडातून गाळले, निवळू दिले आणि सूचनेप्रमाणे पाव हिस्सा बदलले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाव. रोज सकाळी उठून मी आधी मासे मोजी, मग देवाला नमस्कार करी. पाणी स्वच्छ व्हायला पाच दिवस लागले. नंतर औषधाच्या दुकानातून कोरा ड्रॉपर आणला. तो पडवीत दिसला की लहानगा आपण होऊन बाहेर येऊ लागला.

साहेब परतले ते थेट माझ्या पडवीत आले. वाकून पाहिले. "चारच दिसतात."

मी ड्रॉपर पाण्यात धरला. दगडाआडून पाचवा आला.

साहेबांनी बोटाने पाचही मोजले. मग मी पुढे केलेल्या कागदावर, 'परत मिळाले' याच्या खाली, त्यांनी सही केली. सही वाळल्यावर म्हणाले, "माझी बदली झालीय हो. एवढ्या प्रवासात हे जगायचे नाहीत. तुमच्याकडेच राहू देत."

"आणि व्हरांडा?"

"ते आता नवे साहेब बघतील."

नव्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बघितले. स्टँपवाला राहिला, आमची मेजे चिंचेखाली गेली. दिवसातून चार आंघोळी करून पावसात बसणे प्रकृतीला झेपेना, म्हणून मी माझे मेज घरी आणून पेटीशेजारी पडवीत मांडले. पक्षकार मागच्या दाराने येतात, आधी मासे पाहतात आणि मग आपली तक्रार सांगतात. लहानगा अजूनही सर्वांत लहानच आहे.

सही झालेल्या कागदात मी खाडाखोड करीत नाही. त्यामुळे पाचही मासे कागदोपत्री साहेबांच्या ताब्यात आहेत. प्रत्यक्षात त्यांची दुसऱ्या खाण्याची वेळ झाली आहे, सुंगटे पाटावर आहेत, आणि पुन्हा श्रावण चालू असल्यामुळे बायको आतून विचारते आहे, "पाणी काडू काय?"