पोरीच्या सोयरिकीत माझं पोट

काल्हेरच्या आमच्या शेतावर गोदामं उभी राहिली तशी घरात सगळ्यांनाच बसून खायची सवय लागली. मी ती जरा जास्तच मनावर घेतली. पुढे चार पावलांत धाप लागू लागली तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी माझं जठर कापून लहान केलं.

वजन उतरलं, पण पोट बिघडलं. गोड पोटात गेलं की घाम फुटायचा, छाती धडधडायची आणि संडास गाठावा लागायचा. वर्षाच्या आत मी इतका वाळलो, की लोक कुजबुजू लागले. ट्रकांच्या आमच्या पट्ट्यात तेव्हा असा वाळलेला माणूस दिसला की बाहेरच्या बाईकडून लागणारा एकच आजार धरायचे. त्याचं नाव मात्र कोणी मोठ्याने घेत नसे.

अशात शेलार गावचे लोक माझ्या मुलीला बघायला आले. पसंती झाली आणि मुलाच्या बापाने माझ्या तोंडाशी पेढा आणला. तो नाकारायचा म्हणजे सोयरीक नाकारायची. "अर्धाच द्या," म्हणेपर्यंत त्याने अख्खा कोंबला. थोड्या वेळाने बोलणी टाकून मी धावलो. घामाने निथळत परत आलो तेव्हा सगळे माझ्या वाळलेल्या अंगाकडे बघत होते.

मी खरं काय ते सांगितलं. सदरा वर करून व्रणही दाखवले.

"एवऱ्याशा भोकांतून पोट कापलं?" मुलाचा बाप म्हणाला. "बारीक व्हायला कोन पोट कापतो काय? खरा आजार सांगा."

डॉक्टरांना फोन लावून देतो म्हणालो, तर म्हणे, "डॉक्टर काय, पैसे घेऊन काय पन सांगंल."

दुसऱ्या दिवशी त्यांचा नकार आला. जगाचं तोंड कोण धरणार! पोरगी मात्र दोन दिवस जेवली नाही, आणि मला माझ्याच पोटाची शिसारी आली.

मग दापोड्याचे लोक यायचे ठरले. त्या सकाळी ती माझ्याजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, "बाबा, आज तुम्ही आतच बसाल?"

तिचा राग आला नाही. जिवाला मात्र फार लागलं. संडासाची वाट बैठकीच्या खोलीतून होती, म्हणून मी दिवसभर पाणीसुद्धा घोट घोटच प्यायलो. बाहेर कपबश्या वाजल्या. कोणीतरी मुलीच्या वडिलांची चौकशी केली.

"बाहेरगावी गेलेत," बायको म्हणाली.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं, ते मी बंद दाराला कान लावून ऐकलं.