स्वयंपाकीण कुठे झोपायची

प्लँटेशन बघायला जाताना मी पांढरी पँट आणि उंच टाचांचे सँडल घातले होते. त्या दिवसाचा एक फोटो आहे. माझी नात तो बघून विचारते, "आजी, हे केस खरे होते?" खरे होते. दर दोन महिन्यांनी पर्म करून आणायची मी ते. डोक्यावर मेंढी बसल्यासारखी दिसायची, आणि मला वाटायचं आपण आता अमेरिकन झालो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत आयसेलिन गावाजवळ दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. नवरा इंजिनियर, पगार बेताचा. पण माझी ऊठबस होती वहिनींकडे. वहिनी म्हणजे पुण्याच्या एका डॉक्टरांच्या बायको, आमच्या महाराष्ट्र मंडळाचा कणा. त्यांच्या घरी दोन जिने होते आणि पाहुण्यांसाठी वेगळे टॉवेल. वहिनी बोलल्या की मी मान डोलवायची. आधी डोलवायची, मग ऐकायची.

वहिनींशी मी खोटं असं कधी बोलले नव्हते. एकदा बोलता बोलता म्हणाले होते, "मी अमरावतीला एका मोठ्या बंगल्यात वाढले." ते अगदी खरं होतं. बंगला वकिलांचा होता, माझी आई तिथे स्वयंपाकाला होती, आणि आम्ही मायलेकी कोठीशेजारच्या खोलीत राहायचो, एवढं फक्त मी गाळलं. तीन वर्षं कुणी विचारलं नाही. चौथ्या वर्षी आई अमेरिकेला आली.

नवऱ्याला सगळं माहीत होतं. त्याला त्यात काहीच वाटायचं नाही, आणि म्हणून मला त्याचाही राग यायचा.

त्या वसंतात डॉक्टरांची साउथ कॅरोलायनात कॉन्फरन्स होती. ते विमानाने गेले. वहिनी म्हणाल्या, "आपण गाडीने जाऊ, तुझ्या आईलाही जरा हिंडवू." नाही म्हणायची माझी छाती नव्हती. दोन दिवसांचा प्रवास मी मागच्या सीटवर मधोमध बसून केला, पाय त्या मधल्या उंचवट्यावर, गुडघे हनुवटीशी. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वहिनी. आईने तोंड उघडलं की मी म्हणायची, "आई, तू जरा झोप."

"अगं, आत्ताच उठले मी."

"मग परत झोप."

पुढे नवऱ्याशेजारची सीट रिकामी होती. तिच्यावर आईच्या हातच्या पुऱ्या-भाजीची बास्केट बसली होती, पट्टा लावून.

तिथे वहिनींना प्लँटेशन बघायचं होतं. ते म्हणजे कापसाच्या मळ्याच्या मालकाचं जुनं घर, जसंच्या तसं जपलेलं. दुतर्फा ओकची झाडं, फांद्यांवरून करडं शेवाळ जळमटांसारखं लोंबत होतं. आई म्हणाली, "कुणी झाडत नाही वाटतं." पुढे पांढरे खांब. बाजूला बाग, गुलाबी अझेलियांनी भरलेली. तिथे मला वहिनींबरोबर फोटो काढून हवा होता. नवरा मात्र प्रत्येक झाडाखालची पाटी वाचत उभा राहायचा, आणि माझ्या टाचा गवतात रुतत होत्या. चार पावलं टाकायची, पाय उपटायचा, पुन्हा चार पावलं. वहिनी शहाण्या. त्या बूट घालून आल्या होत्या.

दारात आईने चपला काढल्या. आम्हाला घर दाखवणारी बाई घेरदार झग्यात होती, मोठ्या टोपलीत उभी असल्यासारखी. ती धावत आली. "नाही नाही, मॅम, घाला, घाला."

"एवढं चकचकीत ठेवलंय आणि चपला घालून फिरायचं?" आई म्हणाली.

"आई, चल. लोक बघतायत."

"बघायलाच आलेत ना ते?"

दिवाणखाना झाला. पियानो झाला. एका टेबलावर काचेच्या वाडग्यात कापसाची बोंडं ठेवली होती. आईने त्यातलं एक उचललं, चिमटीने धागा ओढून पाहिला, अमरावतीच्या बाजारात बघतात तसा. बाई म्हणाली, हात लावू नका. मी सॉरी म्हणाले. त्या दिवशी मी सॉरी किती वेळा म्हणाले त्याची गणती नाही. भिंतींनाही म्हटलं असेल.

मग जेवणाची खोली. बाई रंगात आली. स्वयंपाकघर म्हणे मागे, वेगळ्या इमारतीत. तिथून ताटं आणणाऱ्या 'सर्व्हंट्स'ना वाटेत शिट्टी वाजवत यावं लागायचं. शिट्टी चालू असली की तोंडात काही टाकता येत नाही, म्हणून. सगळे हसले. वहिनी हसल्या. मीही हसले, चांगली दात दाखवून. गुलामांना ती सबंध वेळ सर्व्हंट्स म्हणत होती, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण लक्षात आलेलं बाजूला ठेवायची कला तेव्हा मला फार छान जमायची.

"काय झालं हसायला?" आईने विचारलं.

मी सांगितलं. आई हसली नाही. तिचा हळू आवाजसुद्धा ओसरीवरून विहिरीपर्यंत जाणारा. ती म्हणाली, "मला कोठीला कुलूप असायचं. ह्यांना शिट्टी."

वहिनी दोन पावलांवर होत्या. वळून म्हणाल्या, "काय म्हणतायत मावशी?"

"कुलपं छान आहेत म्हणते इथली," मी म्हणाले.

मराठीतून मराठीत भाषांतर मी आयुष्यात तेवढं एकदाच केलं. वहिनींनी दाराकडे पाहिलं. दाराला खरंच पितळी कुलूप होतं. ते बघून झग्यातली बाई खूश झाली आणि कुलूप कुठून आणलं ते सांगू लागली. देव माझ्या बाजूने आहे असं मला वाटलं.

कुलूप झाल्यावर तिने त्या काळातल्या एका स्वयंपाकिणीची गोष्ट सांगितली. तिच्या हातची पक्वान्नं दूरदूरचे पाहुणे वाखाणायचे. ती अगदी घरातल्यासारखीच होती, बाई म्हणाली. एवढं इंग्रजी आईला कळलं.

"घरातल्यासारखी," ती म्हणाली. "विचार गं हिला, ती झोपायची कुठे."

मी त्या बाईकडे वळले आणि इंग्रजीत विचारलं, "हे टेबल किती जुनं आहे?"

बाई दोन मिनिटं बोलली. टेबलावर हात आपटला, त्याचे पाय दाखवले. लाकूड कुठल्या बेटावरून, कुठल्या जहाजाने आलं ते सांगितलं. वाकून टेबलाखालची सुताराची खूणही दाखवली. आई तिच्याबरोबर वाकून बघत राहिली.

"काय म्हणाली?"

"माहीत नाही म्हणाली."

"एवढं बोलून?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना दोन्ही भाषा येत होत्या, ही बारीकशी गोष्ट मी विसरले होते. मला घाम फुटला, आणि तो पांढऱ्या पँटवर दिसतो.

मागचं स्वयंपाकघर म्हणजे आता वस्तूंचं दुकान होतं. पुरुषभर उंचीची चूल होती, तिच्या पोटात फळी ठोकून जॅमच्या बाटल्या मांडलेल्या. आईने फळीखाली हात घालून विटा चाचपल्या. मी नवऱ्याला हुडकत होते, आता तरी फोटो काढ म्हणून सांगायला, एवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला.

"मावशी, तुमच्या अमरावतीच्या बंगल्यातही स्वयंपाकघर असं मागे वेगळंच होतं का हो?"

आईने आधी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जॅमवरचं लेबल वाचत होते. पीच होतं, अजून आठवतंय.

"हो," आई म्हणाली. "मागेच होतं. मोठं होतं."

"एवढा पसारा सांभाळायचा म्हणजे कठीणच."

"माणसं होती की कामाला," आई म्हणाली.

मला हायसं वाटलं, ते इथे लिहून ठेवते. ज्या बाईने मला पोळ्या लाटून शिकवलं, तिने स्वतःला माझ्यादेखत पुसून टाकलं, आणि मी जॅमची बाटली परत फळीवर ठेवून सुस्कारा सोडला. असली कार्टी माझ्या पोटी आली असती तर तिथल्या तिथे चुलीत बसवली असती.

हात धुवायला आम्ही दोघीच गेलो. आईने नळ सोडला.

"मी मालकीण कधीपासून झाले?"

"आई, इथे नको."

"तीन वर्षं? चार?" ती हसत होती, पण आरशातून माझ्याकडे बघत नव्हती. "वकिलीणबाईंना कळवायला हवं. त्यांना माझ्यासाठी जागा करून द्यावी लागेल."

"इथे लोक वेगळे आहेत, आई. तुला नाही कळायचं."

"एकवीस वर्षं दुसऱ्याच्या घरी पोळ्या केल्या, कधी लाज वाटली नाही मला. आज 'माणसं होती' म्हणाले, तेव्हा वाटली." तिने पदराला हात पुसले. "आणि त्या स्वयंपाकिणीत आणि माझ्यात मी सारखेपणा काढत नाहीये. मला पगार होता. मला उद्या निघून जाता येत होतं. तिला तिच्या लेकीला घेऊन जाता येत नव्हतं. पण कुठे झोपायची एवढं तरी विचार गं. तू टेबलाचं विचारलंस. लाकडावर त्या झगेवालीने हात आपटला, तेवढं कळतं मला."

मी गेले. रागाने गेले. आईचा राग, वहिनींचा राग, पाट्या वाचणाऱ्या नवऱ्याचा राग, आणि सँडलचा तर सगळ्यात जास्त. झग्यातली बाई झाडाखाली झगा गुडघ्यांपर्यंत गोळा करून कोक पीत बसली होती. झग्याखाली कॅनव्हासचे बूट होते. मला तिचासुद्धा हेवा वाटला.

मी विचारलं. ती जरा गोंधळली. आम्हाला जे पाठ करायला देतात त्यात हे नाही, म्हणाली. मग कॅन हातात धरूनच तिने दुकानाच्या छपराकडे बोट केलं. वर माळा आहे, शिडीने जायचं. बहुतेक तिथेच, मुलांसकट. आता वर ख्रिसमसच्या सजावटीचं सामान असतं, म्हणून बघायला मिळत नाही.

मी परत आले तेव्हा पार्किंगजवळच्या बाकावर बास्केट उघडली होती. नवरा माहितीपत्रक वाचत होता, वहिनींच्या हातात पुरी होती, आई भाजी वाढत होती.

"वर झोपायची," मी उभ्या उभ्याच सांगितलं. "चुलीच्या डोक्यावर. माळ्यावर. पोरं घेऊन."

"भाजून निघत असतील उन्हाळ्यात," आई म्हणाली.

"कोण?" वहिनींनी विचारलं.

"स्वयंपाकीण." मग माझ्या तोंडातून पुढचं निघालंच. ते धैर्य वगैरे नव्हतं. दोन्ही टाचा सोलल्या होत्या आणि मला कुणावर तरी ओरडायचं होतं. "माझी आईसुद्धा स्वयंपाकीणच होती, वहिनी. बंगला वकिलांचा होता. आम्ही मागच्या खोलीत राहायचो."

नवऱ्याने माहितीपत्रक खाली घेतलं. वहिनींनी तोंडातला घास संपवला.

"हो का? तरीच पुऱ्या दोन दिवसांनीही अशा मऊ आहेत," त्या म्हणाल्या, आणि लोणचं वाढून घेतलं.

झालं. एवढंच. चार वर्षं जे मी जिवापाड झाकलं, ते बाहेर पडलं आणि कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मी एवढी चिडले की फोटोचं बोलायचंच सोडलं. नात बघते तो फोटो नवऱ्याने नंतर गाडीपाशी काढला. त्यात मी कुणाकडेच बघत नाहीये.

पण कुणाला काहीच वाटलं नाही, असंही नव्हतं. घरी परतून आठवडा झाला नसेल, वहिनींचा फोन आला. मंडळाचा कार्यक्रम आहे, चाळीसएक माणसं, बाहेरून मागवायचं तर काही मिळत नाही. "मावशी आहेतच, तर त्यांना सांगशील का? त्यांना सवय आहे."

सवय आहे. आठवड्यापूर्वी ह्याच मावशी बंगल्याच्या मालकीण होत्या, तेव्हा वहिनींनी त्यांना साधा चहा टाकू दिला नव्हता. मी फोनवर ताठ झाले. चार वर्षांत पहिल्यांदा वहिनींना नाही म्हणाले. माझी आई पाहुणी आहे, म्हणाले. ती इथे राबायला आलेली नाही, म्हणाले. तिने आयुष्यभर पुष्कळ केलं, असंही म्हणाले. आणि फोन ठेवला. मी स्वतःवर इतकी खूश होते की वळून आईकडे पाहिलं, शाबासकी घ्यायला.

आई कणीक मळत होती. थांबली.

"मला विचारलंस?"

"आई, ती तुला कामाला लावत होती."

"कामाला लावत होती की बोलावत होती, ते मी ठरवीन ना. सहा आठवडे ह्या डबीत बसून आहे मी. तू ऑफिसला जातेस, जावईबापू ऑफिसला जातात, मी खिडकीतून गाड्या बघते. चाळीस माणसं म्हणजे माझ्या डाव्या हाताचं काम." तिने परातीतला गोळा आपटला. "आधी माझी लाज वाटली म्हणून तू बोललीस. आता दया आली म्हणून तूच बोललीस. मी कधी बोलू?"

आज माझी मुलगी दवाखान्यात परस्पर माझ्या गुडघ्यांची हकिगत सांगते, तेव्हा हाच प्रश्न माझ्या ओठांवर येतो.

"फोन लाव," आई म्हणाली. "आणि दे माझ्याकडे."

मी नंबर फिरवला. तिने कणकेच्या हाताने रिसीव्हर धरला आणि कानापासून वीतभर लांब ठेवून बोलायला सुरुवात केली. "मी आई बोलतेय हिची. करीन मी. पण आदल्या दिवशी भाजी मी स्वतः येऊन निवडणार. आणि पंगतीत मी बसणार, पहिल्या. वाढायचं तुम्ही." पलीकडून काहीतरी आलं. आई हसली. मग पातेल्यांवर बोलणं झालं, तेलावर झालं. पुण्यात पुऱ्यांत रवा घालतात ह्यावर दोघींचं जुंपलं. वीस मिनिटं. मी शेजारी उभी होते. मला कुणी काही विचारलं नाही.

शेवटी आई म्हणाली, "हो, हाताखाली दोघी लागतील मला. एक आहे इथे घरात. पण तिला फारसं येत नाही. बटाटे सोलायला बसवू."