अस्वलाचं लेकरू

अस्वलाच्या त्या कार्टून पिच्चरचा तिसरा भाग पडला, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. पोरं आता लेकराबाळांची झाली, तरी दिवाळीला जमली की तेच दळण. पहिला कसला भारी होता, दुसऱ्याला तर हसून पोट दुखलं, तिसरा मातर पार पाणचट. मी मधी बोलत न्हाई. तो तिसरा भाग मीच घरात आणला होता, आणि तो कावून पडला हे मला पक्कं ठाऊक हाय.

आमचं दिंद्रुडला भांड्याचं दुकान, मागं घर. घरात आत्याबाई असायच्या, माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन उमेदीत सासरहून माघारी आल्या, त्या कायमच्या. कावून आल्या, असं मी नवी नवरी असताना एकदा विचारलं, तर सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा जीभ उचलली न्हाई. आत्याबाई सकाळी कपाळाला विभूती लावून लिंगपूजा करायच्या आणि दिवसभर हूं का चूं न करता दुकानातली भांडी पुसायच्या. त्यांचा आवाज ऐकू यायचा तो फक्त श्रावणात. तेव्हा घरी पोथी लागायची. सासरे ओवी वाचायचे आणि आत्याबाई तिचा अर्थ सांगायच्या. आमच्याकडं ही रीतच हाय, वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा.

धाकटे दीर अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकत होते. सुट्टीला येताना कुणाचा तरी व्हीसीआर मागून आणायचे. एकदा त्यांनी कार्टूनची कॅसेट आणली, ती निघाली सगळी इंग्रजीत. डोंगरावर एक जाडं अस्वल आणि एक लांब मानेचा बगळा मिळून हॉटेल चालवतात, एवढं दिसत होतं. पण बोलतात काय, ते कुणालाच कळंना. भाऊजींचं इंग्रजी पुस्तकातलं, तेही डोकं खाजवत बसले. तेव्हा सासरे थट्टेनं म्हणाले, "आक्का, तूच सांग आता अर्थ."

आणि काय सांगू, आत्याबाई खरंच सुरू झाल्या की! बगळ्याला त्यांनी सासू केलं आणि अस्वलाला सून. बगळ्यानं चोच उघडली की ह्या नाकातून विचारायच्या, ही भाकरी हाय का तवा हाय गं? अस्वल मान खाली घालून म्हणायचं, तवा तर कालच वाढला होता की, सासूबाई. पोरं गडाबडा लोळायला लागली. मीपण तोंडात पदर कोंबून हसले, माझी स्वतःची सासू शेजारी बसलेली असताना.

पुढच्या वर्षी दुसरा भाग आला, तोपण इंग्रजीतच. पोरांनी आत्याबाईंना पार टीव्हीला खेटून बसवलं. त्या भागाच्या शेवटी बगळा अस्वलाला हॉटेलातून हाकलतो. अस्वल गाठोडं घेऊन दारात उभं राहिलं, आणि आत्याबाई त्याच नाकातल्या आवाजात म्हणाल्या, "जा बापाकडं. लेकरू मातर हितंच राहील. ते आमचं हाय."

पोरं हसली. सासरे उठून दुकानात गेले, त्या दिवशी दुकान बंद असताना. माझं हसू होतं तिथंच थिजलं, कारण पडद्यावर लेकरू न्हवतंच. माझ्या धाकटीनं विचारलं, अस्वलाचं लेकरू कुठाय? आत्याबाई म्हणाल्या, पुढल्या भागात येईल, बाई.

तेव्हापासून त्या पुढल्या भागाची वाट पोरांपेक्षा मी जास्त बघितली. ह्या बाईचं एक लेकरू कुठंतरी हाय, का होतं, आणि घरात कुणी त्याचं नाव काढत न्हाई, ह्या विचारानं मला भाकरी गोड लागंना. तोंडावर विचारायची छाती न्हवती. वाटायचं, तिसरा भाग आला की बगळ्याच्या आडून त्या आपसूक सांगतील.

तो यायला लई वर्षं गेली. तोवर घरात सीडीवालं मशीन आलं, आत्याबाईंना दोन वाक्यं बोलली की धाप लागायला लागली. मी बीडला कामानं गेलते, तिथं दुकानात ती सीडी दिसली. दुकानदार म्हणाला, इंग्रजीपण हाय आणि हिंदीपण. मी हिंदी उचलली. म्हटलं, निम्मं पडद्यावरचे बोलतील, निम्मं आत्याबाई, तेवढाच त्यांच्या जिवाला आराम. पोथी मराठीत असते, तरी अर्थ सांगावा लागतोच की. अगं भवाने, पोथी आणि पिच्चर एक असतंय का? पण तेव्हा हे सुचलं न्हाई. वाईट वागले असते तर पाय धरून मोकळी झाले असते. मी भलं करायला गेलते, त्याची माफी कशी मागू?

रविवारी दुपारी सगळे बसलो. बगळा गोड आवाजात हिंदी बोलायला लागला. आत्याबाईंनी एकदा तोंड उघडलं, तेवढ्यात अस्वल बोललं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि पोथी ऐकावी तसं मन लावून ऐकत राहिल्या. पोरं पडद्याकडं कमी आणि त्यांच्याकडंच जास्त बघायची. बगळा म्हणे अस्वलाचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि त्याच्याच भल्यासाठी त्यानं हाकललं होतं. आत्याबाई हळहळल्या. म्हणाल्या, बगळा चांगला निघाला गं, मी उगंच त्या गरिबाला सासू केलं.

मला राहवलं न्हाई. रिमोट घेऊन मी आवाज बंद केला. बगळा नुसतीच चोच हलवायला लागला. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमी सांगा की. त्या लेकराचं काय झालं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "कुठलं लेकरू, माय? ह्याच्यात लेकरूच न्हाई. मी नीट ऐकलंय सगळं. सोड आवाज, पोरं खोळंबलीत."

मी आवाज सोडला.