घोटघोट पेज

घाटावरच्या दुष्काळात एक माणूस कल्याणला आमच्या ओट्यावर येऊन टेकला. मांडीवर उपासमारीने वाळलेली लेक होती. मी भाताचं ताट भरून आणलं, तर त्याने नुसती पेज मागितली. दोन घोट पाजून त्याने वाटी दूर ठेवली. पोर वाटीकडे हात करून रडत होती आणि तो पुढचा घोट द्यायला सावली सरकायची वाट बघत होता.

"अहो, पोटभर द्या की तिला!" मी कळवळून म्हणाले.

"थोरलीला दिलं, बाई. वाटेत कुणी भाकरी दिली, ती पोटभर खाल्ली, उपाशी आतड्याला सोसली नाही, अन् त्याच रातीला पोर गेली."

मग तो थांबून थांबून पाजत राहिला आणि मी दारात बसून तिचा श्वास बघत राहिले. दिवेलागणीला ती उठून बसली, "बा, तू खा की," म्हणाली. तेव्हा कुठे त्याला रडू फुटलं.