परत सांगायला लावणाऱ्या काकू

“मला न्हाई कळलं. परत सांग.” चष्मा कपाळावर ढकलून काकू असं म्हणायच्या आणि समोरच्याचा धीर सुटायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील.

जुन्नरच्या एका मुलींच्या वसतिगृहात त्या क्लार्क होत्या. मी तिथं कॉम्प्युटरवर. माझे आईवडील पारगावला ऊस तोडायचे. तिथल्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, अभ्यास करून मी घरातला पहिला पदवीधर झालो. म्हणून एखादी गोष्ट मला कळली नाही, तरी ते मी कुणाला कळू देत नसे.

त्या वर्षी प्रवेशअर्ज ऑनलाइन केला. फॉर्म माझाच. आधी तालुका निवडायचा, मग खाली त्यातली गावं उघडायची. शेवटच्या दिवशी डिंभ्याहून एक बाप मुलीला घेऊन आला. तिनं आंबेगाव निवडलं, तर खाली जुन्नर तालुक्यातलं आळेफाटा! डिंभे नाहीच.

“आमचं गाव धरणात गेलं का काय, राव?” बाप म्हणाला.

जुन्नर निवडलं की डिंभे दिसायचं. तालुक्यांची यादी तपासली, बरोबर. गावांची तपासली, तीही बरोबर. मग चुकतंय कुठं? डोकं चालेना.

“मंग जुन्नरच टाका की,” बाप म्हणाला.

“दाखल्यावर आंबेगाव हाय. अर्ज बाद व्हईल पोरीचा,” काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “कसं केलंय, सांग.”

“तालुक्यांची एक यादी, गावांची दुसरी. पहिल्या तालुक्याला गावांचा पहिला गट, दुसऱ्याला दुसरा.”

“न्हाई कळलं. परत सांग.”

तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढला. काकूंनी शांतपणे कपाटातून जुन्या अर्जांचे दोन गठ्ठे काढले. प्रत्येकाच्या सुतळीतच तालुक्याची चिठ्ठी ओवलेली.

“मी चिठ्ठी गठ्ठ्यालाच बांधते. तुझ्या चिठ्ठ्या सुट्ट्या हायेत व्हय? कुणी हलवल्या म्हंजी?”

हलवल्या होत्या. मीच. त्याच दिवशी सकाळी तालुके अकारविल्हे लावताना आंबेगाव वर नेलं होतं. गावांचे गट होते तिथंच राहिले होते.

दोन याद्या मोडल्या. प्रत्येक तालुक्याच्या पोटात त्याचीच गावं घातली. मुलीनं आंबेगाव दाबलं. डिंभे उघडलं. अर्ज गेला.

“आता तरी कळलं का, काकू?”

“न्हाई बा. पण तुला कळलं ना? बास.”

काकू निवृत्त झाल्या. त्यांच्या टेबलावर आता प्रिंटर असतो. नवा फॉर्म अडला की मी त्या प्रिंटरकडे बघत बसतो. समजावून कुणाला सांगायचं ते सुचत नाही.

डिंभ्याच्या मुलीला जागा मिळाली. तीन वर्षं ती वसतिगृहात राहिली आणि बी.एस्सी. झाली.